कावळ्याला तावळा म्हणते, जीभ कापायची का?

पत्र थोडक्यात असं: "लेक सव्वाचार वर्षांची. कावळ्याला तावळा म्हणते, गाडीला दाडी आणि राजाला लाजा. सासूबाई म्हणतात जीभ चिकटलीये, कापून आणा. हे म्हणतात येईल आपोआप. मी काय करू?"

अगं, आधी जिभेचं सांगते, कारण त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. क म्हणताना जिभेचा मागचा भाग वर टाळूला लागतो, टोकाचं तिथे कामच नाही, आणि त, ल तर टोकाचेच आवाज, ते तुझी लेक मस्त म्हणतेय. मग क चा त होतोय त्याला जीभ चिकटल्याचं कारण कसं असेल? तेव्हा कापाकापी नाही, वेखंड चोळणंही नाही, सासूबाईंना हेच शांतपणे सांग.

आता लाजा आणि तावळा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत बरं. प, ब, म लवकर येतात कारण ओठ बाळाला दिसतात, र ला मात्र टोक वर नेऊन थरथरवायचं असतं, ते जमायला बऱ्याच मुलांना पाच-सहा वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त, म्हणून लाजा सध्या राहू दे. पण क-ग च्या जागी त-द हे साधारण चारपर्यंत सुटायला हवं, तिथे तुझ्या नवऱ्याचं "येईल आपोआप" मला पटत नाही.

एक करून बघ, तूच तिला "तो बघ तावळा" म्हण. "तावळा नाही, तावळा!" म्हणून चिडली तर फरक तिला कळतोय, तोंडात येत नाहीये एवढंच. पण तेवढ्यावर भागवू नकोस, कानाची तपासणी करूनच घे, सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे कधीकधी पाणी साठतं, ऐकू कमी येतं आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. मग स्पीच थेरपिस्ट. मुंबईत असशील तर वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नाहीतर जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणारा विभाग, आहे का विचार.

आणि पाहुण्यांसमोर "कावळा म्हणून दाखव" हे आजपासून बंद, प्लीज, पोर बोलायचीच थांबेल. ती तावळा म्हणाली की "हो गं, कावळा, केवढा काळा कावळा" म्हणायचं आणि गप्पा पुढे न्यायच्या. कानाची अपॉइंटमेंट मात्र याच आठवड्यात घे.