सैन्यातून निवृत्त झाल्यावर जुन्या क्रेडिट कार्डासाठी पगार जप्तीचा आदेश आलाय. पेन्शनही जाईल का?

मेजर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. नोकरीत असताना घेतलेलं कार्ड बदल्यांच्या धावपळीत थकलं. 2019 मध्ये बँकेने एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे तुमची बाजू न ऐकता दिलेला कोर्टाचा निकाल, मिळवला, पण समन्स तुमच्यापर्यंत आलंच नाही. आता सातपूरच्या कंपनीत 19,000 रुपये पगारावर आहात आणि गेल्या आठवड्यात एचआरने कोर्टाचा जप्ती आदेश दाखवला. पेन्शन जाईल का आणि नोकरी सोडली तर सुटका होईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूला वकिली करते. देवळाली, भगूर, निफाडकडचे माजी सैनिक असेच कागद घेऊन येतात.

पेन्शनला हात लागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 आणि 1871 चा पेन्शन कायदा, दोन्ही ती जप्तीतून वगळतात. पैसे बँकेत जमा झाले म्हणून त्यांना पेन्शन म्हणून मिळणारं संरक्षण संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणात सांगितलंय. तरीही पेन्शन आणि कंपनीचा पगार एकाच खात्यात येऊ देऊ नका. खातं गोठवलं गेलं तर यातली कोणती रक्कम पेन्शनची, हे दाखवत बसावं लागतं आणि तोवर घरखर्च अडतो.

वर्दीत होतात तोवर पगारही सुरक्षित होता, कारण सैनिकाचं वेतन कलम 60 ने पूर्ण वगळलंय. खासगी नोकरीच्या पगाराला ते संरक्षण नाही, म्हणून दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी बँकेने केलेला अर्ज, आत्ता हलली असावी. पण पूर्ण पगार कापता येत नाही. पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश मोकळे राहतात. तुमच्या 19,000 मधून जास्तीत जास्त 6,000 जाऊ शकतात. एकाच हुकूमनाम्यावर अशी कपात एकूण 24 महिने झाली की त्या हुकूमनाम्यासाठी पगार पुन्हा जप्त करता येत नाही. नोकरी मात्र सोडू नका. हुकूमनाम्याची दरखास्त 12 वर्षांपर्यंत दाखल करता येते, नोकरी बदलली तरी ती मागे येतेच. एचआरशीही वाद नको. आदेश डावलला तर ते पैसे कंपनीच्या अंगावर येतात.

आता खरं काम. व्याज किती लावलं यावर फोनवर भांडण्याआधी त्या प्रकरणाची नक्कल काढा. जप्तीच्या कागदावर मूळ दावा क्रमांक आणि कोर्टाचं नाव असतं. हुकूमनामा मुंबईचा असेल आणि फक्त वसुलीसाठी नाशिकला आला असेल, तर तो रद्द करण्याचा अर्ज मुंबईतच करावा लागेल. तो कोर्टाचा हुकूमनामा नसून लवादाचा (कोर्टाबाहेर नेमलेल्या पंचाचा) निवाडा निघाला तर रस्ताच वेगळा, त्याची मुदतही वेगळी.

नकलेत सगळ्यात आधी बेलिफाचा, म्हणजे समन्स बजावणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याचा, अहवाल वाचा. असा एक अहवाल माझ्या डोळ्यांसमोर आहे. गावच्या घराचा पत्ता, "घरास कुलूप, शेजाऱ्यांनी प्रतिवादी बाहेरगावी असल्याचे सांगितले, सबब दरवाजावर चिकटवून बजावणी केली", खाली दोन पंचांच्या सह्या. त्या महिन्यात तो जवान आसामात होता. प्रतिवादी सैनिक असेल तर समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवायचं, असं संहितेच्या आदेश 5 मधला नियम 28 सांगतो. कार्डाच्या अर्जात व्यवसाय 'सैन्य' लिहिलेला असूनही बँकेने फक्त गावचा पत्ता दिला असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. त्या काळातल्या पोस्टिंगचा दाखला सैन्याकडून मागवा. तेव्हा तुम्ही सीमेवर किंवा युद्धजन्य परिस्थितीत होतात तर 1925 चा भारतीय सैनिक (वाद) कायदाही वकिलांना दाखवा.

एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज याच संहितेच्या आदेश 9 नियम 13 खाली होतो. समन्स नीट बजावलं नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून 30 दिवसांची मुदत. एचआरने कागद दाखवला तो दिवस धरा, म्हणजे एक आठवडा गेलाच. सोबत दरखास्तीला स्थगिती मागा. काही रक्कम आधी भरा, अशी अट कोर्ट घालू शकतं, त्याची तयारी ठेवा. हुकूमनामा रद्द झाला की दावा मुळात तीन वर्षांच्या मुदतीत होता का, हा मुद्दा उघडतो.

म्हणूनच सध्या वसुली एजंटाला काही लिहून देऊ नका. मुदतबाह्य कर्जही सहीच्या लेखी वचनाने पुन्हा वसूल करण्याजोगं होतं. अटकेची धमकी आली तर घाबरू नका, कार्ड थकणं हा फौजदारी गुन्हा नाही. सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, 30 दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात तर मोफत वकील मिळतो. सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करा.

आणि कार्ड खरंच वापरलं होतं, पैसे द्यायचेच आहेत असं मनात असेल, तर तडजोड जरूर करा, पण लोकअदालतीत किंवा बँकेच्या लेटरहेडवर. बाहेर पैसे भरले तर 30 दिवसांच्या आत दरखास्तीत त्याची नोंद करून घ्या. नोंद नसलेली भरपाई दरखास्त चालवणारं कोर्ट धरत नाही, आणि मग भरलेल्याच पैशांसाठी पगार कापला जातो.