मेंदूचं चित्र बघून खचू नका

प्रश्न: माझा मुलगा २२ वर्षांचा. बाहेर पडताना गॅस बंद आहे का, ते बघायला ८-१० वेळा परत येतो, जिन्यातून मलाही विचारत राहतो. डॉक्टरांनी ओसीडी, म्हणजे तेच विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार, सांगितला. समुपदेशक बाईंनी मेंदूचं चित्र काढून कुठे अडकतं ते दाखवलं. आता म्हणतात, त्यानं परत न येण्याचा सराव करायचा आणि मी ‘बंद आहे’ असं सांगायचं नाही. बिघाड मेंदूतच असेल तर सरावानं काय होणार?
— एक आई, सातारा

ताई, ते चित्र बघून तुमच्या पोटात गोळाच आला असणार. मेंदू म्हटलं की आपल्याला जळलेली वायर डोळ्यांसमोर येते. पण मेंदू रोज जे करतो त्यानं घडत जातो, अगदी बाविशीतसुद्धा.

१९९२ साली लॉस एंजेलिसमध्ये लुइस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी ओसीडीच्या रुग्णांचे पेट स्कॅन (मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय ते दाखवणारं चित्र) काढले, उपचारांआधी आणि सुमारे १० आठवड्यांनी. ९ जणांना फ्लुओक्सेटिन नावाची गोळी दिली होती, ९ जणांना वर्तनोपचार, म्हणजे तुमच्या बाई सांगतात तसा सराव. ज्यांना गुण आला, त्यांच्या मेंदूतल्या कॉडेट नावाच्या भागाची धावपळ दोन्ही गटांत कमी झाली होती. अभ्यास लहान आहे, पण मला फार मोलाचा वाटतो. गोळीशिवायही मेंदूत फरक दिसला. (मुलाला गोळ्या चालू असतील तर मात्र आपल्या मनानं बंद करू नका. दोन्ही एकत्र चालतं.)

जिन्यातून तो विचारतो, तुम्ही ‘बंद आहे रे’ म्हणता. त्याला क्षणभर हायसं वाटतं आणि मेंदू शिकतो की विचारलं म्हणून संकट टळलं. न विचारता तो पायरीवर उभा राहिला तर धडधड आधी वाढेल. ती लगेच उतरली नाही तरी काही अघटित घडत नाही, हे त्याला अंगावर घेऊनच कळतं. तुमचा जीव तुटेल, ठाऊक आहे मला. पण त्याला धरून ठेवायचं नाही की ओरडायचं नाही. आज किती जमवायचं ते तो आणि बाई ठरवतील.

परीक्षेच्या दिवसांत किंवा परगावी हे पुन्हा उसळलं तर घाबरू नका. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्याशेजारी नवी शिकवण बसते, आणि अनोळखी जागी जुनीच आधी आठवते. म्हणून मामाकडे गेलात तर तिथंही सराव होऊ द्या.

आज रात्री जेवताना त्याला सांगून ठेवा की उद्यापासून आई गॅसच्या बटणाबद्दल उत्तर देणार नाही. सकाळी त्यानं विचारलं तर एवढंच म्हणा, ‘भीती वाटतेय ना? मी इथंच आहे.’