‘बरें जालें’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : पंचवटीतल्या आमच्या भजनी मंडळात ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’ हा तुकोबांचा अभंग घेतला की दुःखात असलेली माणसे दुखावतात. तो कसा मांडावा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आधी तुकोबांचा आत्मचरित्रपर ‘याति शूद्र वैश’ वाचा. १६३०च्या दुष्काळातली ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ ही ओळ त्यात आहे. ती ऐकल्याशिवाय ‘बरें’ हा शब्द निष्ठुर वाटतो. मग दिवाळ्याचा अभंग घ्या, पण पहिल्या चरणावर थांबू नका; बहुतेकदा चूक तिथेच होते. पुढच्याच चरणात ‘अनुतापें तुझें राहिलें चिंतन’ येते. दुष्काळाला तुकोबा पीडाच म्हणतात. ‘बरें’ आहे ते त्यातून टिकलेले चिंतन. आणि हे ते स्वतःच्या दुःखाविषयी बोलतात. शोकात बसलेल्या शेजाऱ्याला ही ओळ कृपा करून ऐकवू नका.