कायद्याची पदवी नसलेले मॅजिस्ट्रेट माझ्या मुलाचा निकाल देणार?

प्रश्न : माझा मुलगा व्हिसावर इंग्लंडमध्ये, लेस्टरला नोकरी करतो. पबबाहेरच्या मारामारीत समोरच्याचा दात पडला आणि मुलावर दुखापतीचा आरोप ठेवला गेला. मुलगा म्हणतो, आधी हात समोरच्यानेच उचलला. मॅजिस्ट्रेट कोर्टात लवकरच पहिली तारीख आहे. तिथे बसणाऱ्या तिघांनी कायदा शिकलेला नसतो म्हणे. मग ज्युरी असलेले वरचे क्राउन कोर्ट मागावे का? आमच्या ओळखीचे एक मराठी गृहस्थ तिथेच मॅजिस्ट्रेट आहेत. त्यांच्या कानावर घालू का? – एक वडील, नाशिक

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. त्या गृहस्थांना फोन करू नका, कोणाकरवी निरोपही पाठवू नका. तुमची काळजी मला कळते, पण न्यायदानात ढवळाढवळ हा तिथे गंभीर गुन्हा आहे आणि त्याची झळ मुलालाच बसेल. आरोपी ओळखीतला निघाला, तर मॅजिस्ट्रेटने ते सांगून त्या खटल्यातून बाजूला व्हायचे असते.

पदवीबद्दलची तुमची माहिती बरोबर आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये ही पद्धत १३६१च्या कायद्यापासून चालत आली आहे. शिक्षक, नर्स, दुकानदार, निवृत्त माणसे, १८ ते ७४ वयातले कोणीही अर्ज करू शकतात. ब्रिटिश नागरिकत्वाची अट नाही, पोलिसांना मात्र बसता येत नाही. अर्जदाराने आधी कोर्टाचे कामकाज पाहून यायचे, मग स्थानिक सल्लागार समिती मुलाखत घेते. त्यात कायद्याचे ज्ञान तपासत नाहीत. स्वभाव, सचोटी, निर्णयाची समज पाहतात. निवड झाली की प्रशिक्षण. वर्षाला किमान १३ दिवस बसायचे, पगार नाही. आपल्याकडे विशेष कार्यकारी अधिकाऱ्याकडे आपण सही-शिक्क्यासाठी जातो, तसे हे पद नाही. ही माणसे तुरुंगात पाठवू शकतात. कायद्याचा मुद्दा आला की शेजारी बसलेला प्रशिक्षित कायदा सल्लागार तो समजावतो, निकालात मात्र त्याचे मत नसते. काही वेळा तिघांऐवजी एकटे डिस्ट्रिक्ट जज बसतात; ते वकिलीतून आलेले असतात.

आता क्राउन कोर्टाचे. पहिल्या तारखेला मुलाला गुन्हा कबूल आहे का, हे विचारतील. तेव्हाच कबुली दिली तर शिक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी होते. पण स्वसंरक्षण खरे असेल, तर सवलतीसाठी कबुली देऊ नये. नाकबूल केल्यावर खटला आपल्याकडे ठेवायचा की वर पाठवायचा, हे मॅजिस्ट्रेट ठरवतात. त्यांनी ठेवला तरी अशा आरोपात मुलाला क्राउन कोर्टातली ज्युरी, म्हणजे निकाल देणारे बारा सामान्य नागरिकांचे मंडळ, मागता येते. हा हक्क काढून घेण्याचा प्रस्ताव सरकारने डिसेंबर २०२५मध्ये मांडला आहे, म्हणून तारखेच्या दिवशी नियम काय आहे ते मुलाच्या सॉलिसिटरकडून, म्हणजे तिथल्या वकिलाकडून, पक्के करून घ्या.

माझे मत विचाराल तर, सगळी भिस्त मुलाच्या शब्दावर असेल तर मी ज्युरीकडे झुकेन. तिथे रोज अशीच प्रकरणे ऐकून कान सरावलेले नसतात. पण क्राउन कोर्टात खटले तुंबले आहेत, तारीख फार लांब पडू शकते आणि तोवर व्हिसावरची टांगती तलवार तशीच राहते. मॅजिस्ट्रेटना निकालाची कारणे सांगावी लागतात, ज्युरीला नाही. शिवाय मॅजिस्ट्रेटनी दोषी ठरवले तर कामकाजाच्या १५ दिवसांत, परवानगी न मागता अपील करता येते. क्राउन कोर्टाचे न्यायाधीश दोन मॅजिस्ट्रेटसह खटला पहिल्यापासून ऐकतात. त्यात शिक्षा वाढूही शकते, हे विसरू नका.

मला खरी चिंता व्हिसाची वाटते. नोव्हेंबर २०२४पासून मॅजिस्ट्रेट अशा एका गुन्ह्याला १२ महिन्यांपर्यंत कैद देऊ शकतात, आणि परदेशी नागरिकाला १२ महिने किंवा अधिक कैद झाली की हद्दपारीची तरतूद लागू होते. कबूल-नाकबूल ठरवण्याआधी मुलाने इमिग्रेशनच्या वकिलालाही विचारलेच पाहिजे.

आणि आज रात्रीच मुलाला सांगा : पबच्या सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवा, असे पत्र सॉलिसिटरमार्फत उद्याच जाऊ दे. बहुतेक ठिकाणी ते थोड्या दिवसांत आपोआप पुसले जाते.