आधी कृमींचे मृत्यू मोजायला शीक

सप्रेम आशीर्वाद.

वार्धक्याच्या जीवशास्त्रात पीएचडी करायची, तर पहिला हिशोब वेळेचा मांड. प्रयोगशाळेतला उंदीर अडीच-तीन वर्षं जगतो आणि तुझ्या हाती पाचएक वर्षं. म्हणजे उंदरांवर आयुर्मानाचा प्रयोग फार तर एकदा होणार, तोही फसला तर संपलं. म्हणून सुरुवात सी. एलेगन्स या कृमीवर कर. २० अंश सेल्सिअसला तो दोन-तीन आठवडे जगतो. डॅफ-२ या जनुकात बिघाड झाला की त्याचं आयुष्य दुपटीहून वाढतं, हे सिंथिया केनियन यांच्या गटाने १९९३ साली दाखवलं. हा वाण प्रत्येक प्रयोगात सोबत ठेव. तोच जास्त जगला नाही, तर गडबड तुझ्या प्लेट्समध्ये, म्हणजे कृमी वाढवायच्या बशांमध्ये आहे.

प्रत्येक गटात एकाच वयाचे शंभर तरी कृमी घे, प्लेटला पंचवीस-तीस. एक दिवसाआड प्लॅटिनमच्या तारेने डोक्याला हलकेच स्पर्श कर. हललाच नाही तर मृत. प्लेटवर गटाचं नाव नको, दुसऱ्या कुणीतरी टाकलेला सांकेतिक क्रमांक हवा. म्हातारा कृमी तसाही निपचित पडून असतो, आणि जो गट जास्त जगावा असं वाटतं, त्यात आपल्याला हालचाल दिसायला लागते. प्लेटच्या भिंतीवर चढून वाळलेला किंवा पोटातच पिल्लं फुटून मेलेला कृमी मृतांत धरू नकोस, ‘सेन्सॉर्ड’, म्हणजे मोजणीतून मध्येच गळालेला, म्हणून नोंदव.

पिल्लं होऊ नयेत म्हणून बरेच जण एफयूडीआर हे प्रजनन रोखणारं रसायन वापरतात. काही वाणांचं आयुष्य त्यानेच बदलतं. अंडी घालणं थांबेपर्यंत कृमी रोज नव्या प्लेटवर हलवणं कंटाळवाणं आहे, पण तेच करावं.

औषध तपासताना कृमी खातो त्या ई. कोलाय जिवाणूंकडे बघ. औषधाने जिवाणूच वाढेनासे झाले, तर कृमी अर्धपोटी राहतो आणि अर्धपोटी राहिल्यानेच जास्त जगतो. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाचा या कृमीवरचा परिणाम बराचसा जिवाणूंच्या फोलेट (एक ब-जीवनसत्त्व) चयापचयातून होतो, हे २०१३ साली दिसलं. म्हणून तोच प्रयोग मारलेल्या जिवाणूंवरही कर.

पुढे उंदरांच्या चयापचयाकडे वळशील, तेव्हा चयापचय मोजायला घेतलेला ऑक्सिजनचा वापर नुसता वजनाने भागू नकोस. चरबी वजन वाढवते, ऑक्सिजन मात्र कमी वापरते. त्यामुळे लठ्ठ उंदराचं चयापचय उगाच मंद दिसतं. वजन सहचल (कोव्हेरिएट) म्हणून, म्हणजे निकालावर परिणाम करणारा वेगळा घटक म्हणून, विश्लेषणात घे. पिंजऱ्याचं तापमानही लिही: २२ अंशांना उंदीर ऊब राखायलाच पुष्कळ ऊर्जा खर्च करतो.

प्रयोगशाळा निवडताना अमेरिकेतला रॅपामायसिन या औषधाचा प्रयोग नमुना म्हणून वाच. तीन ठिकाणी, एकाच पद्धतीने, मिश्र वंशाच्या उंदरांवर तो झाला आणि निकाल २००९ मध्ये आला. औषध खाद्यात टिकेना, त्यावर उपाय सापडेपर्यंत उंदीर ६०० दिवसांचे झाले होते. तरीही आयुष्य वाढलं. मग मुलाखतीत मार्गदर्शकांना एकच विचार: तुमच्या कंट्रोल गटातले, म्हणजे औषध न दिलेले, उंदीर किती जगतात? ते दोन वर्षांच्या आतच मरत असतील, तर औषधाने वार्धक्य लांबवलं की निकृष्ट देखभालीची भरपाई केली, हे सांगता येणार नाही.