स्टॅलॅग्माइटमधल्या मॅग्नेशियमवरून तापमान काढता येतं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मेघालयातल्या चुनखडीच्या गुहेतला स्टॅलॅग्माइट, म्हणजे ठिबकत्या पाण्यातून तळावर वर वर वाढलेला खांब, तुमच्या हाताशी आहे. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी त्यातल्या मॅग्नेशियमचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) मोजून जुनं तापमान काढायचंय. आणि कार्बोनेटात हलकं मॅग्नेशियमच जास्त का शिरतं, हे कळत नाहीये.

तापमानाचं आधी सांगतो, नाहीतर त्यापायी तुमचं वर्ष फुकट जाईल. नाही काढता येणार. प्रयोगशाळेत ४ ते ४५ अंश सेल्सियसला कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचं मुख्य खनिज, वाढवून पाहिलं गेलंय. मोजतात ते डेल्टा-२६: नमुन्यातलं २६ आणि २४ वस्तुमानाच्या मॅग्नेशियमचं गुणोत्तर ठरलेल्या प्रमाण-नमुन्यापेक्षा हजारात किती वेगळं, उणे म्हणजे हलकं. स्फटिक आणि पाणी यांच्यातला डेल्टा-२६ चा फरक ४ अंशांना उणे २.७० प्रति हजार आला आणि ४५ अंशांना उणे २.२२. म्हणजे अंशामागे जेमतेम ०.०१. चांगल्या यंत्रावरही तुमची मोजणी ०.१ इकडेतिकडे होणारच. दहा अंशांचा बदल त्यातच बुडाला! मावम्लुह गुहेतल्या स्टॅलॅग्माइटवरून २०१८ साली ‘मेघालयन’ या भूशास्त्रीय काळाची ४,२०० वर्षांपूर्वीची सीमा ठरली हे खरं, पण ती नोंद ऑक्सिजनच्या समस्थानिकांची आहे. मॅग्नेशियमकडून तसलं काम होत नाही.

आता हलक्याचं. निसर्गातल्या मॅग्नेशियमपैकी साधारण ७९ टक्के अणू २४ वस्तुमानाचे, १० टक्के २५ चे आणि ११ टक्के २६ चे. समतोलाचा नियम असा की जड अणू जिथे बंध घट्ट तिथे बसतो, सैल जागा हलक्याच्या वाट्याला येते. पाण्यात मॅग्नेशियमभोवती पाण्याचे सहा रेणू घट्ट कडं करून असतात. कॅल्साइटमध्ये त्याला बसावं लागतं कॅल्शियमच्या जागेवर, आणि कॅल्शियमचा आयन आकाराने बराच मोठा: त्रिज्या १.०० अँगस्ट्रॉम, मॅग्नेशियमची ०.७२. थोरल्याचा सदरा धाकट्याने घालावा तसं ते ढगळ होतं. म्हणून जड मॅग्नेशियम पाण्यातच रेंगाळतं आणि हलकं स्फटिकात जातं. डोलोमाइट आणि मॅग्नेसाइट या मॅग्नेशियमच्या कार्बोनेट खनिजांमध्ये त्याला स्वतःच्या मापाची जागा मिळते, तिथे फरक कॅल्साइटपेक्षा कमी पडतो.

अॅरॅगोनाइटपाशी, म्हणजे त्याच कॅल्शियम कार्बोनेटच्या दुसऱ्या स्फटिकरूपापाशी, मात्र हा सदऱ्याचा दाखला फसतो. तिथली कॅल्शियमची जागा आणखी ऐसपैस, भोवती नऊ ऑक्सिजन. या हिशेबाने तिथे सर्वांत हलकं मॅग्नेशियम भरायला हवं. प्रत्यक्षात २५ अंशांना फरक येतो फक्त उणे १.१ च्या आसपास. तेव्हा बंधांच्या लांबीवरच सगळं समजावणाऱ्यांवर फार विसंबू नका. तुमच्या कामापुरतं एवढं पुरे की नमुन्यात कॅल्साइट आणि अॅरॅगोनाइटचे थर आलटून पालटून असतील, तर हवामान तसूभरही न बदलता आकडा एक प्रति हजारहून जास्त उडी मारेल. कोणतं खनिज आहे ते ओळखणारं एक्स-रे विवर्तन आधी, बाकी सगळं नंतर.

दुसरा घोळ वाढीच्या वेगाचा. २५ अंश तापमान कायम ठेवून कॅल्साइटच्या वाढीचा वेग सुमारे दहापट केला, तेव्हा फरक उणे ३.१६ वरून उणे १.८८ वर आला. स्फटिक सावकाश वाढला की समतोलाच्या जवळ जातो. घाईने वाढला की मॅग्नेशियम निवड व्हायच्या आतच अडकतं. आणि गुहेत वेग ठरतो ठिबकण्यावर, म्हणजे अखेर पावसावर. तापमान म्हणून तुम्ही जे वाचाल, ते पावसाचं बोलणं असू शकतं.

तिसरी गोष्ट माती. समजा, तुमच्या कॅल्साइटमध्ये ०.०५ टक्का मॅग्नेशियम आहे आणि त्याचा डेल्टा उणे ३.५. त्यात १ टक्का चिकणमाती मिसळलीय, तिच्यात २ टक्के मॅग्नेशियम, डेल्टा उणे ०.२. जोरकस आम्ल वापरून दोन्ही विरघळवलंत, तर एकूण मॅग्नेशियमपैकी जवळजवळ ३० टक्के मातीचं निघेल आणि उत्तर येईल उणे २.५५ च्या घरात. म्हणजे एक टक्का मातीने जवळपास ऐंशी अंशांचा ‘हवामानबदल’ घडवला. सौम्य अॅसेटिक आम्ल वापरा, आणि त्याच द्रावणात अॅल्युमिनियम मोजा. ते दिसलं की माती आली समजा.

कॉलमबद्दल स्वतःची फजिती सांगतो. कॅल्शियम बाजूला काढायला आयन-विनिमय रेझिनच्या कॉलममधून नमुना सोडतात, पण कॉलम स्वतःच हलकं-जड वेगळं करतो. आधी उतरणारं आणि शेवटी उतरणारं मॅग्नेशियम सारखं नसतं. मी पहिल्या वर्षी शेवटचे थेंब ‘यात काय असणार’ म्हणून टाकून देत होतो. आकडे दर खेपेला एकाच बाजूला सरकायचे, आणि मी दोन महिने यंत्राला शिव्या घालत बसलो. तेव्हापासून आधीचा आणि नंतरचा द्राव वेगळा धरून त्यातलं मॅग्नेशियम तपासतो. ९९ टक्क्यांहून जास्त हाती आलं नाही, तर तो नमुना बाद.

जुने शोधनिबंध वाचताना आकडे कशाच्या सापेक्ष आहेत तेही बघा. पूर्वी एसआरएम ९८० नावाचा मॅग्नेशियम धातूचा प्रमाण-नमुना वापरत. त्याचे तुकडेच एकमेकांशी जुळत नाहीत, हे २००३ मध्ये छापून आलं आणि मृत समुद्रातल्या मॅग्नेशियमपासून केलेलं डीएसएम-३ पुढे आलं. त्याच्या सापेक्ष आजच्या समुद्राचं पाणी उणे ०.८३ च्या आसपास येतं. तुमच्या यंत्रावर समुद्राचं पाणी तेवढं येत नसेल, तर स्टॅलॅग्माइटला हात लावू नका.

मग हे मोजायचंच कशाला? उगमासाठी. ठिबकणाऱ्या पाण्यातलं मॅग्नेशियम वरच्या चुनखडीतून आलं, डोलोमाइटमधून की मातीतल्या सिलिकेटांतून, हे यातून बऱ्यापैकी उलगडतं. प्रबंधाचा विषय तिकडे वळवा असं मी म्हणेन. गुहेत पुन्हा जाणार असाल तर सध्या जिथे थेंब पडतोय तिथे काचेची पट्टी ठेवून या, तिच्यावर नवं कॅल्साइट बसेल. त्याच ठिबकाचं पाणी आम्लाने धुतलेल्या बाटलीत घ्या, एकदा जुलैत आणि एकदा जानेवारीत. वरची माती आणि छताचा खडक मूठमूठभर आणा. पाणी गाळून घ्यायला विसरू नका, आणि आम्ल गाळल्यानंतर घाला, आधी नाही.