वाचकांचे प्रश्न : जंगलावरचा सरकारी खर्च, भारताचा आणि जपानचा

प्रश्न : प्रकल्पासाठी मी भारत आणि जपानच्या सरकारांचा वनांवरचा खर्च ताडून पाहतेय. आपल्या पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालयाची 2025-26 ची तरतूद 3,412.82 कोटी रुपये. जपानच्या वनखात्याची साधारण 300 अब्ज येन; येनला 57 पैसे धरले तर 17,100 कोटी. जपान आपल्या पाचपट खर्च करतो, असं लिहिलं तर चालेल का?
– अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : असं लिहू नका. गणित बरोबर आहे, पण दोन्ही आकडे एका जातीचे नाहीत.

दिल्लीच्या 3,412.82 कोटींत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, हरित न्यायाधिकरण आहे, शहरांच्या हवेचा कार्यक्रमही आहे. हे जंगल नव्हे. उलट आपल्याकडे जंगलावरचा खरा खर्च राज्यं करतात. वनरक्षकाचा पगार, रोपवाटिका, जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) हे सगळं राज्याच्या अर्थसंकल्पात 2406 या लेखाशीर्षाखाली ‘वनीकरण व वन्यजीवन’ म्हणून येतं. भांडवली खर्च 4406 खाली. तो धरलाच नाही तर भारताचा बहुतेक खर्च तुमच्या तक्त्याबाहेर राहतो. सगळ्या राज्यांचे खंड उघडत बसायची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या राज्यांच्या वित्तविषयक वार्षिक अभ्यासात, परिशिष्टांत ही ओळ राज्यवार मिळते.

इथेच बहुतेकांची चूक होते. केंद्रपुरस्कृत योजनांचा, म्हणजे केंद्र आणि राज्य मिळून पैसा घालतात त्या योजनांचा, केंद्राचा वाटा दिल्लीच्या हिशेबात राज्यांना दिलेलं अनुदान म्हणून दिसतो आणि तोच पैसा राज्याने खर्च केला की पुन्हा 2406 खाली दिसतो. नुसती बेरीज केली तर एकच रुपया दोनदा मोजला जातो. म्हणून राज्यांचा पूर्ण खर्च घ्या आणि केंद्राच्या रकमेतून राज्यांना गेलेली अनुदानं वजा करा.

कॅम्पाचा, म्हणजे भरपाई वनीकरणाचा, निधी वेगळ्या ओळीत ठेवा. प्रकल्पासाठी वनजमीन वळवली की प्रकल्प यंत्रणा भरपाई भरते. 2016 च्या कायद्यानुसार त्यातला 90 टक्के भाग राज्यांचा, 10 टक्के केंद्राचा. ऑगस्ट 2019 मध्ये केंद्राने राज्यांकडे एकरकमी 47,436 कोटी रुपये वर्ग केले. हा आकडा 2019-20 चा खर्च म्हणून टाकला तर आलेख त्या एका वर्षात आभाळाला भिडेल. ती शिल्लक हस्तांतरित झाली होती, खर्च झालेली नव्हती. तुम्हाला हवी आहे ती राज्याने त्यातून त्या वर्षी प्रत्यक्ष खर्च केलेली रक्कम.

जपानकडेही असाच बाहेरचा पैसा आहे. 2024 पासून तिथे दरमाणशी वर्षाला 1,000 येन वन पर्यावरण कर रहिवासी कराबरोबर घेतला जातो. साधारण सहा कोटी करदाते म्हणजे 60 अब्ज येनच्या आसपास. हा पैसा वनखात्याकडे न जाता प्रांतांना आणि नगरपालिकांना वाटला जातो. वाटपाचे निकष तीन : खासगी लागवडीच्या वनाचं क्षेत्र, वनकामगारांची संख्या आणि लोकसंख्या. लोकसंख्येमुळे, फारसं जंगल नसलेल्या महानगरांनाही वाटा मिळतो. तुमच्या 300 अब्जांत हा पैसा नाही. स्थानिक सरकारांचा खर्चही नाही. पुरवणी अर्थसंकल्पही तिथे वेगळा असतो आणि तो किरकोळ नसतो.

कामाचं स्वरूपही निराळं. जपानी वनखात्याच्या मूळ तरतुदीतला निम्म्याहून जास्त भाग डोंगरउतार थोपवणं, वनरस्ते, विरळणी (दाट लागवडीतली काही झाडं तोडणं) अशा सार्वजनिक कामांवर जातो. राष्ट्रीय उद्यानं त्यांच्या पर्यावरण मंत्रालयाकडे आहेत. आपल्याकडे वाघ आणि साग एकाच शीर्षाखाली. त्यामुळे संयुक्त राष्ट्रांचं शासकीय कार्यांचं वर्गीकरण वापरा : 04.2.2 म्हणजे वनीकरण (वणवा विझवणारी खास दलं याच्यातच), 05.4 म्हणजे जैवविविधता. दोन्ही देशांचे आकडे या दोन खणांत बसवा. जो खर्च नीट विभागता येत नाही, तो तिसऱ्या खणात मोकळेपणाने दाखवा.

एक सोय मात्र आहे : आर्थिक वर्ष दोन्हीकडे एप्रिल ते मार्च. अंदाजपत्रकाचे आकडे सोडून प्रत्यक्ष खर्चाचे घ्या, म्हणजे दोन-तीन वर्षं मागे जावं लागेल.

प्रश्न : दर हेक्टरी खर्च काढायचा तर भागायचं कशाने? आणि रुपया-येन कोणत्या दराने?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : 2023 च्या वनस्थिती अहवालात भारताचं वनाच्छादन 7,15,343 चौरस किलोमीटर आहे. ते उपग्रहावरून मोजतात : किमान एक हेक्टर जागा आणि त्यावर किमान 10 टक्के झाडांचं छत्र, मालकी कुणाचीही असो. म्हणजे आंब्याची दाट बाग त्यात येऊ शकते, पण नान्नजच्या माळढोक अभयारण्यातला गवताळ माळ येत नाही. तिथे वनविभाग उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतो, रक्षक फिरतात, लांडग्या-काळविटांसाठी गवत राखलं जातं. हा सगळा खर्च भागाकाराच्या अंशात धरला जातो, पण ती जमीन छेदातून गळते. सोलापूरसारख्या माळरानाच्या जिल्ह्यात यामुळे दर हेक्टरी खर्च फुगलेला दिसतो आणि मग तो आकडा सुधारायला कुणीतरी माळावर झाडं लावायला निघतं, जे माळढोकाच्या मुळावर येतं. भागायला अभिलिखित वनक्षेत्र, म्हणजे सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेली जमीन घ्या, ते सुमारे 7.75 लाख चौरस किलोमीटर आहे. जपानचं वन सुमारे 2.5 कोटी हेक्टर, पण त्यातलं निम्म्याहून जास्त खासगी आहे आणि सरकार तिथेही अनुदान देतं. म्हणून तिथे एकूण क्षेत्रानेच भागा आणि तळटीप द्या.

दर दोन्ही दाखवा. बाजारात 57 पैशांचा येन क्रयशक्तीच्या दराने, म्हणजे त्या पैशात दोन्ही देशांत किती वस्तू मिळतात ते पाहून काढलेल्या दराने, पाव रुपयाच्याही खाली येतो. मजुरी आणि पगारासाठी क्रयशक्तीचा दर योग्य, आयात यंत्रांसाठी बाजाराचा.